चार रिंगांचा जबाब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांपुढे येतो तो टेबलावर पालथा ठेवलेला एक मोबाईल. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जमावाचे दगड खाल्ले. पण एका साध्या फोनवर हात दाबून बसलो आणि तळव्याला घाम फुटला, असं एकदाच झालं. तेसुद्धा आपल्या हद्दीत नव्हे, परक्या मुलखात.

निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. मुलगी कतारला असते. ती दोह्यातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते, जावई एका ऑफिसात, घर अल थुमामाला. तिचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून आम्ही नवरा-बायको दोघंही गेलो. अर्जित रजा मंजूर करून घेतली, परदेश प्रवासाची परवानगी घेतली आणि ठाण्याचा चार्ज सहाय्यक निरीक्षकांकडे दिला. तिथे माझी ड्यूटी एकच. नातीला खांद्यावर टाकायचं आणि विमानतळाकडे उतरणारी विमानं बघत गॅलरीत फेऱ्या मारायच्या. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "ठाण्यात पन्नास माणसं हलवता, इथं एवढंसं पोर झोपवता येईना!"

एका गुरुवारी सकाळी ठाण्यातून महिला हवालदाराचा फोन आला. बाई मोठी कामाची. नवरा सैन्यात, दोन मुलं सासरी ठेवून ही ठाण्यात वर्षानुवर्षं उभी. गोपनीय शाखेचं आणि पासपोर्टचं काम तिच्याकडे होतं.

"साहेब, रजेत त्रास देते. पासपोर्टच्या एका फाईलवर निनावी अर्ज आलाय. आणि त्यातला माणूस तुमच्या तिथंच आहे."

प्रकरण असं होतं. आमच्या हद्दीतल्या एका गावचा इसम चोवीस वर्षं कतारमध्ये नोकरीला. त्याने बायकोला तिकडे नेण्यासाठी तिचा तत्काळ पासपोर्ट काढला होता. तत्काळमध्ये पासपोर्ट आधी हातात पडतो आणि पोलीस पडताळणी मागून होते. तिकडचा कौटुंबिक व्हिसाही मंजूर झाला होता. आता आमच्या पडताळणीच्या वेळी अर्ज येऊन पडला की, हा इसम बायकोच्या नावावर भलतीच बाई घेऊन चालला आहे. पुरावा म्हणून लिहिलं होतं की यांचं लग्न ग्रामपंचायतीच्या दप्तरी अवघ्या चार महिन्यांपूर्वी नोंदलं गेलं.

मी नोंद तपासायला सांगितली. खरीच निघाली. लग्न चोवीस वर्षांचं आणि नोंद चार महिन्यांची.

"बाई काय म्हणते?"

"म्हणते सामुदायिक विवाह होता. तीस जोडपी. पत्रिका नाही, फोटोत आपण कुठं ते तिलाच सापडत नाही. आणि साहेब, व्हिसावर तिकडं पोचायची मुदत आहे, त्याचे नऊ दिवस राहिलेत."

प्रतिकूल शेरा गेला असता तर पासपोर्ट रद्द करण्याची नोटीस निघाली असती, व्हिसा बुडाला असता, आणि बाई खरी असली तरी गावात तोतया ठरली असती. अनुकूल शेरा गेला असता आणि बाई खोटी निघाली असती, तर आमच्या सहीशिक्क्यानिशी एक बाई परदेशात कुणाच्या तरी हवाली झाली असती. असं तोतया नवराबायकोचं एक प्रकरण मी पूर्वी पाहिलं होतं. ती पोर परत आली तेव्हा तिचे आईवडील तिला ओळखू शकले नव्हते. म्हणून ह्या बाबतीत मी कडक होतो, आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही.

संध्याकाळी जावयाला विचारलं, इथे बायको आणायचे मार्ग तरी कोणते? तो म्हणाला, "बाबा, मुख्य मार्ग दोनच. एक फॅमिली रेसिडेन्सी, म्हणजे बायको नवऱ्याच्या परवान्यावर इथे राहते. त्याला पगार लागतो, घर लागतं, कागदावरचा हुद्दा लागतो आणि आपल्या सरकारपासून इथल्यापर्यंत शिक्के मारलेला विवाह दाखला लागतो. दुसरा भेटीचा व्हिसा. आली, राहिली, गेली. कामगार वर्गातल्या माणसाला पहिला मिळतच नाही. तुमचा माणूस बढती मिळून सुपरवायझर झाला असणार, त्याशिवाय जमत नाही."

म्हणजे दाखला उशिरा का काढला याचं उत्तर मिळत होतं. पण लबाड माणसालाही बढती मिळतेच.

मी ठरवलं की दोघांना एकाच वेळी, वेगवेगळं, तेच प्रश्न विचारायचे. महिलेला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून हवालदार तिच्या घरी जाणार, आणि इकडे मी त्याला भेटणार. हे कुठल्या नियमात बसतं असं विचाराल तर कुठल्याच नाही. कतारमध्ये माझी वर्दी नव्हती, अधिकार नव्हता. तिथे मी फक्त एका बाळंतिणीचा बाप होतो. त्याला फोन करून तसं स्पष्ट सांगितलंही. तो म्हणाला, "साहेब, मी येतो. लपवायला काय नाय माझ्याकडं."

हे वाक्य मी इतक्या गुन्हेगारांकडून ऐकलंय की ते कानावर पडलं की मी आपोआप ताठ बसतो.

शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा दिवस. दुपारची नमाज होऊन रस्ते पुन्हा भरत होते. जावयाने मला अल रय्यानच्या एका कॅफेटेरियात सोडलं. माणूस वेळेआधी येऊन बसला होता. बावन्न-त्रेपन्नचा, केसांना कलप, पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. पाया पडायला वाकला, मी थांबवलं. त्याने चहा मागवला. तिथे उकळलेल्या दुधाच्या चहाला करक म्हणतात. "एक करक, एक बिना शक्कर," तो हिंदीत म्हणाला.

"तुमचा मोबाईल टेबलावर ठेवा. पालथा. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

त्याने ठेवला. माझ्या फोनवर हवालदार होती. गावाकडे साडेपाच वाजले होते, इथे तीन. तिने बाईला गोठ्यापाशी घेतलं होतं, कारण घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि दाराच्या पडद्याआड धाकटी जाऊ. मी कानात इअरफोन घातला होता, त्यामुळे तिचं बोलणं मला एकट्याला ऐकू येत होतं.

पहिला प्रश्न साधा घेतला. नवऱ्याच्या चहात साखर किती?

"साखर नाय साहेब. सहा वर्षं झाली. डायबेटिस आहे."

तिकडून हवालदाराने बाईचं उत्तर सांगितलं. "दोन चमचे. वर म्हणते, मालक प्यायल्यावर बशीत राहिलेली साखरपण चाटत्यात."

मी कागदावर एक फुली मारली. दुसरा प्रश्न अंगावरच्या खुणेचा. बाई म्हणाली, मालकाच्या अंगावर कसलाच डाग नाही. मी त्याला बाही वर करायला सांगितली. तो घुटमळला, मग त्याने बटण काढलं. डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचा लांबलचक व्रण. तीन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये गरम तेल उडालं होतं म्हणे. आणखी एक फुली.

झोपण्याची बाजू विचारली. बाई म्हणाली, "भिंतीकडंला." तो म्हणाला, "कामगारांच्या खोलीत, वरच्या बंकवर साहेब, बावीस वर्षं. खाली एक केरळचा माणूस असायचा."

मग मी उलट्या बाजूने आलो. "तुमच्या मंडळींना चष्मा आहे?"

"छे! नजर अशी आहे तिची की डोंगरावरची शेळी वळखती."

हवालदार खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, बाईंच्या नाकावर चष्मा आहे. जाड काचेचा. दोन वर्षं झाली म्हणतात."

चौथी फुली. कुणाही तपास अधिकाऱ्याला विचारा, एवढ्यावर काय निष्कर्ष निघतो. बायकोला नवऱ्याच्या हातावरचा वीतभर व्रण माहीत नाही, नवऱ्याला बायकोचा चष्मा माहीत नाही. माझा आवाज बदलला.

"खरं बोला. ही बाई कोण?"

"साहेब, बायको आहे माझी."

"तुमची बायको जिवंत आहे का?"

ते मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा असा झाला की आजही तो आठवला की मला माझीच लाज वाटते. पण त्या वेळी मी पोलीस होतो आणि कागदावर चार फुल्या होत्या. तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "साहेब, कंपनी साठीला परत पाठवती. सात वर्षं राहिल्यात. जलमात पहिल्यांदा फॅमिलीचा व्हिसा झालाय, क्वार्टर मिळालीय, भांडीकुंडी आणून ठेवलीत. आता गेला तर खलास. पुन्हा नाय व्हायचं."

"भेटीच्या व्हिसावर आणा की."

"बायको पाहुणी म्हणून किती वेळा आणायची साहेब? मीच तिच्याकडं चोवीस वर्षं पाहुणा म्हणून जातोय."

वाक्य हलवून टाकणारं होतं. पण हलवणारी वाक्यं मी ठाण्यात रोज ऐकायचो. मी फोनवर हवालदाराला म्हणालो, "उत्तरं जुळत नाहीत. शेरा प्रतिकूल लिहा."

"साहेब, रागावू नका," ती म्हणाली, "पण एका छपराखाली राहणाऱ्यांचे प्रश्न विचारताय तुम्ही. माझ्या मालकांना बॉर्डरवर विचारा मला साखर किती लागते. तेपण नापास होतील."

मी काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. एकच रिंग, आणि बंद.

त्याचा हात झटकन पुढे आला. मी त्याच्या आधी त्या मोबाईलवर हात दाबला. "कुणाचा फोन?"

"घरचा."

"घरचा म्हणजे?"

"मंडळींचा साहेब. मला दोन रिंगा द्यायला पायजेत. तेवढं द्या."

मला वाटलं, सापडला! बायको तिकडे माझ्या हवालदारासमोर बसली आहे, मग हा फोन करणारी दुसरी कोण? मी दातओठ खात फोनवर विचारलं, "बाईच्या हातात मोबाईल आहे का?"

"आहे साहेब. आत्ताच मागितला. दिवेलागण झाली, एक रिंग द्यायची आहे म्हणाल्या. दिली आणि कट केली. मला वाटलं..." ती थांबली. मागे बाईचा आवाज चढलेला मला स्पष्ट ऐकू येत होता. "दोन रिंगा आल्या न्हाईत बाई! काय केलंसा तुम्ही त्यास्नी? कुटं हाईत त्ये? चोवीस वर्सांत असं न्हाई झालं!"

"साहेब, उठून उभ्या राहिल्यात," हवालदार म्हणाली. "सारख्या मोबाईलकडे बघतायत. हे नाटक नाही."

गावाकडे साडेसहा, इथे चार. समोर तो माणूस माझ्या पंजाखालच्या मोबाईलकडे बघत होता, पाण्यात पडलेल्या पोराकडे बघावं तसा. "तिचा जीव जाईल साहेब," एवढंच म्हणाला.

माझी पकड सैल झाली. पण हात मी काढला नाही. एवढी वर्षं केलेलं काम हातातून एकदम जात नाही.

"एका रिंगेचा अर्थ काय?" मी विचारलं, आणि हवालदाराला म्हणालो, "तिलाही हेच विचारा. आधी तिचं उत्तर घ्या, मग मला सांगा."

तो सांगू लागला. सुरुवातीच्या वर्षांत फोन फार महाग, बोलणं परवडायचं नाही. गावात फोन एकच, दुकानात. तेव्हा ठरलं होतं. रोज दिवेलागणीला तिची एक रिंग म्हणजे घरी सगळं नीट आहे, दिवा लावला. त्याच्या दोन रिंगा म्हणजे मी सुखरूप आहे, हातीपायी धड आहे. तीन रिंगा म्हणजे थांब, आता खरंच फोन करतो, उचल. पुढे मोबाईल आले, नेटवर बोलणं फुकट झालं, पण रिंगा सुटल्या नाहीत.

तिकडून उत्तर आलं. एक, दोन, तीन, शब्दांचा काय तो फरक. मी कागदावर फुलीच्या जागी बरोबरची खूण केली. आणि मग सवयीने, फौजदारी खाक्याने, एक प्रश्न जास्तीचा टाकला.

"आणि चार रिंगा?"

तो बोलेना. मान खाली गेली. कलप लावलेल्या केसांखालचे कान लाल झाले. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. इकडे मी वाट बघतोय आणि तिकडे हवालदारही गप्प.

"काय झालं? चार रिंगांचं काय म्हणते?"

"सांगत नाहीत साहेब." हवालदाराच्या आवाजात हसू होतं, आणि त्या हसण्यात पाणी होतं. "पदर तोंडाला लावून गोठ्याच्या खांबाआड गेल्यात."

मी मोबाईल उचलला आणि त्याच्या हातात दिला. म्हणालो, "दे बाबा. दोन दे."

त्याने दोन रिंगा दिल्या. त्या दोन रिंगा गावात पोचल्या आणि बाई गोठ्यातच खाली बसल्या, असं हवालदाराने नंतर सांगितलं. चार रिंगांच्या प्रश्नाचा जबाब मी नोंदवला नाही. चौतीस वर्षांत एवढा चोख जुळलेला जबाब दुसरा मिळाला नाही, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं की ही दोघं खोटंच वागत होती, पण ते एकमेकांशी. त्याने साखरेचा आजार लपवला, भाजलेला हात लपवला, व्हिडिओवर बोलताना फुल शर्ट घातला. गावी दोन वर्षांतून दोन महिने जायचा, त्यातही तीन वर्षांपूर्वी भाजल्यापासून सुट्टीला गेला नव्हता. दाखल्यासाठी गेला तो चार दिवस, आणि त्या चार दिवसांतही बाही खाली होती. साखरेचा चहा मुकाट्याने प्यायला. तिने चष्मा लपवला, त्या चार दिवसांतसुद्धा. त्याचा फोन आला की आधी तो काढून कोनाड्यात ठेवायची, मग बोलायची. परदेशातल्या माणसाला काळजी नको आणि गावाकडच्या माणसाला घोर नको, ह्या एका हट्टापायी दोघं जोडीदाराची जुनी मूर्ती मनात धरून बसली होती.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, आता बोला एकमेकांशी. मला वाटलं रडतील. बाईंचा पहिला शब्द आला, "साखर कवापासनं?"

तो म्हणाला, "चष्मा कधीपासनं?"

आणि कॅफेटेरियातली माणसं वळून बघेपर्यंत दोघं कडाकडा भांडली. मी माझा गार झालेला करक पिऊन टाकला. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

राहिला निनावी अर्ज. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला होता. हवालदाराने त्याचा फोटो पाठवला आणि मी तो या वेळी शेवटून वाचला. निनावी अर्जात खरी तक्रार बहुधा शेवटच्या ओळीत सापडते, हा माझा अनुभव. तिथे लिहिलं होतं, "आजारी सासूचं कोणी करायचं हे सरकारने बघावं." लिहिणारी पडद्याआडची जाऊ होती, हे सांगायला ज्योतिषी नको. मी खोट्या माहितीबद्दल कारवाई करायला निघालो, तर बाईंनी हवालदाराकडून निरोप पाठवला. "साहेबास्नी सांगा, गुन्हा नको. म्हातारीला मला तिच्याच हातात देऊन जायचंय. ती भ्याली, दुसरं काय न्हाई."

चोवीस वर्षं सासूचं सगळं करणारी बाई हे म्हणत होती. मी कारवाई सोडून दिली. जाऊबाईंना हवालदाराने समज दिली, आणि गावात असलेल्या नणंदेला बोलावून आळीपाळी ठरवून दिली. तीस जोडप्यांच्या त्या विवाहाला हजर असलेल्या दोघांचे जबाब सोमवारी घेतले, सहाय्यक निरीक्षकांनी अनुकूल शेरा लिहिला, आणि मुदतीला तीन दिवस असताना बाई विमानात बसल्या.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला पुन्हा दोह्याला गेलो, तेव्हा त्यांचं आमंत्रण आलं. अल रय्यानच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं गेलो. तो ड्यूटीवर होता, तासाभरात यायचा होता. बाई एकट्याच, चष्मा लावून, खिडकीत तुळस लावून. चहा आणला. घोट घेतला तर साखरेचा कण नाही.

"ह्या घरात साखर येतच न्हाई साहेब," त्या ठसक्यात म्हणाल्या. "कुणाच्या बी चहात न्हाई."

"मग एकत्र राहून काय काय कळलं?"

"घोरत्यात," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्सं कुणी सांगितलंच न्हाई मला!"

तपासात मी काय शिकलो, असं नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगायची वेळ आली तेव्हा मी हेच प्रकरण सांगितलं. ज्या तोतया नवराबायकोचं मी आधी सांगितलं, त्या दोघांची उत्तरं टूथपेस्टपासून सगळी जुळली होती. पाठ केलेली उत्तरं नेहमी जुळतात. म्हणून न जुळणाऱ्या उत्तराला लगेच खोटं म्हणू नका, आधी आपला प्रश्न तपासा. संसार घरात घडतो एवढंच मला माहीत होतं. तो दिवेलागणीच्या एका रिंगेवर चोवीस वर्षं तग धरतो, हे मला एका महिला हवालदाराने शिकवलं.

त्या दिवशी क्वार्टरमध्ये चहा पिता पिता चार वाजले. शेल्फवरचा बाईंचा मोबाईल वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, थांबला. मी बायकोकडे बघून हसलो, दोन रिंगा, माणूस सुखरूप आहे. तेवढ्यात तो तिसऱ्यांदा वाजला. आणि मग चौथ्यांदा.

बाईंनी मोबाईल उचलून पदराखाली धरला आणि तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

मी कप खाली ठेवला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी घाई कसली? ते आता येतीलच ना?"

"म्हणूनच," मी म्हणालो, "ऊठ लवकर."